मांजरांच्या घरात हातशिलाईची गोधडी

गोधडी शिवायची तर मोकळी खोली हवी, सलग वेळ हवा आणि घरात मांजर नको, असं मला बऱ्याचजणी सांगतात. मी खानदेशातल्या अमळनेरला राहते. दोन खोल्या आणि पुढे ओटा एवढं घर. माणसं चार, आणि भुरी व बंड्या ही दोन मांजरं. थंडी पडायच्या आत या घरात गोधडी पुरी होते, तीही सगळी हातावर. कारण मी एका वेळी फक्त नऊ तुकड्यांचा एक चौकोन हातात धरते. तो पोळ्यांच्या डब्यात मावतो. कुकरच्या शिट्या होईपर्यंत त्याची एक शिवण होते. मांजर मांडीवर आलं की झाकण लावून डबा फळीवर ठेवता येतो.

सासूबाईंची, म्हणजे आमच्या जिजींची, रीत वेगळी होती. त्या जुनं लुगडं जमिनीवर अंथरायच्या, त्यावर तुकडे मांडायच्या आणि काठापासून फेऱ्या घालत मध्याकडे जायच्या. ती रीत सुंदर आहे, पण तिच्यात पहिल्या दिवसापासून पूर्ण गोधडी अंगावर घेऊन बसावं लागतं. आणि अंथरलेलं कापड दिसलं की मांजर त्याच्या मधोमध जाऊन बसतंच. म्हणून मी आधी तुकडे जोडते आणि थर अगदी शेवटी घालते. पुढे सांगते ती हीच पद्धत.

कापड

फक्त सुती घ्या. नायलॉनची किंवा सिंथेटिक साडी सुईखाली घसरते, आणि मांजराने पंजे रोवून मळलं की तिचे धागे ओढले जाऊन वर फास येतात. टेरिकॉटचा सदरा मजबूत असतो, पण शेजारचं सुती कापड धुण्याने मऊ होत जातं आणि हे तसंच ताठ राहतं, त्यामुळे त्या जागी चुणी पडते. जुनी पातळं, सुती सदरे, शाळेच्या गणवेशाचं सुती कापड, परकर, उशांचे अभ्रे हे सगळं चालतं. अमळनेर हे प्रताप मिलचं गाव, त्यामुळे जुन्या घरांच्या ट्रंकांमधून जाड, घट्ट विणीचं सुती कापड अजूनही निघतं. ते मिळालं तर सोडू नका. घट्ट विणीत मांजराचं नख अडकत नाही.

प्रत्येक कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडची खिडकी स्पष्ट दिसायला लागली तर ते विरलं आहे. तो भाग वरच्या थरात लावू नका, आत भरायला ठेवा. साडी निऱ्यांच्या जागी आणि खाली टाचेशी विरते. सदरा कॉलर आणि कोपरांपाशी विरतो, पाठ मात्र बहुतेक वेळा नव्यासारखी असते. पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यातून पाच इंची पंचवीस-तीस तुकडे सहज निघतात. पाचवारी सुती साडीतून, विरलेला भाग सोडला तरी, दीडशेच्या वर.

नवं कापड मिसळायचं असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि जुन्याशेजारी शिवलेलं नवं नंतर आटलं तर आख्खी ओळ ओढली जाते. लाल, मरून आणि गडद निळ्या रंगाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग पडला तर ते कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. एवढं करूनही रंग जात असेल तर त्याला गोधडीत घेऊ नका.

धुण्याचं हे सगळं काम एप्रिल-मेमध्ये उरका. आपल्याकडे ऊन पंचेचाळिसाला टेकतं, तासाभरात कापड कडकडीत वाळतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, तेव्हा कापड निवडायला चार हात मिळतात आणि कुठला सदरा कोणाचा, कुठलं पातळ कुठल्या लग्नातलं, हेही कळतं. मी ते तुकड्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते.

माप आणि कापणी

एका माणसाच्या गोधडीला मी पाच इंचाचे दोनशे सोळा तुकडे कापते. चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरची जास्तीची कड, शिवणीत जाते, उरतो साडेचार इंच. नऊ तुकड्यांचा एक चौकोन साडेतेरा इंचाचा होतो. असे चोवीस चौकोन चार रुंदीला आणि सहा लांबीला लावले की चौपन्न बाय एक्याऐंशी इंच, म्हणजे साडेचार फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब वरचा थर तयार. उंच माणसालाही तो पुरतो.

रंगांच्या बाबतीत मी एकच गोष्ट बघते, गडद आणि फिका. निम्मे तुकडे गडद, निम्मे फिके. बारा चौकोनांत चारी कोपरे आणि मध्य गडद ठेवते, उरलेल्या बारांत कोपरे आणि मध्य फिका. असे चौकोन आलटून पालटून लावले की पूर्ण गोधडीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या तिरक्या ओळी उमटतात. फुलाफुलांच्या कापडाला घाबरू नका. लांबून बघितल्यावर ते गडद वाटतं की फिकं, एवढंच ठरवा. डोळे बारीक केले की लगेच समजतं.

मापाचा साचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा करा. पुठ्ठ्याच्या कडा शंभरेक तुकड्यांनंतर झिजतात आणि मग शेवटचे तुकडे पहिल्यांपेक्षा लहान होतात. फिल्म झिजत नाही, आणि तिच्यातून कापडावरचं फूल दिसतं, त्यामुळे ते मधोमध घेता येतं. दोन साचे कापा. पाच इंची साचा कापायच्या रेघेसाठी, साडेचार इंची शिवायच्या रेघेसाठी. कापडाखाली पॉलिश पेपर ठेवलात तर रेघ ओढताना कापड सरकत नाही. रेघ पेन्सिलीची किंवा वाळलेल्या साबणाच्या चकतीची. बॉलपेन नको, पहिल्या धुण्यात शाई पसरते.

साचा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला सरळ धरा. तिरका ठेवलात तर तुकडा उरेब कापला जातो, हातात ताणला जातो आणि नऊ तुकडे जोडल्यावर चौकोन वाकडा होतो. जुन्या कापडात धागा कसा आहे ते दिसत नसेल तर टोकाला छोटी काप देऊन फाडा. सुती कापड धाग्यावरच फाटतं.

कापणी मांजर जागं असताना करू नका. मांजराची धावपळ भल्या पहाटे आणि दिवेलागणीला. दुपार बहुतेक झोपेत जाते. आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी भुरी शहाबादी फरशीवर पाय ताणून पडते ती चार वाजेपर्यंत हलत नाही. तोच कापण्याचा वेळ. पंखा किंवा कूलर मात्र त्या वेळी आपल्या तोंडावर नको. उडालेला एक तुकडा झोपलेल्या मांजराला जागं करायला पुरतो. कापलेले तुकडे नऊ-नऊच्या गड्ड्या करून, प्रत्येक गड्डी दोऱ्याने न बांधता कागदाच्या पाकिटात घालून डब्यात टाका.

डबा

हा भाग छोटा वाटला तरी मांजराच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. प्लास्टिकचा मांजर नखांनी उघडतं, पिशवीत तर ते स्वतःच शिरतं. आत राहील एवढंच: एका चौकोनाचे नऊ तुकडे, दोऱ्याचं एक रीळ, छोटी कात्री, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), मेणाचा तुकडा आणि सुया. सुया ठेवायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक डब्याच्या तळाशी चिकटवा. त्यावर मोजून पाच सुया. उठताना पाच दिसल्या तरच झाकण लावायचं. चार दिसल्या तर स्वयंपाक थांबला तरी चालेल, पण पाचवी सापडेपर्यंत मांजर त्या खोलीत येता कामा नये.

याचं कारण नीट समजून घ्या. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा त्याला थुंकून टाकता येत नाही, तो आतच ओढला जातो. धाग्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकलं आणि बाकीचा धागा पुढे सरकत गेला, की नाडी ओढल्यावर परकर गोळा व्हावा तसं आतडं त्या धाग्यावर गोळा होतं. मग धागा आतड्याला कापतो. धाग्याला सुई असेल तर धोका आणखी मोठा. मांजर वारंवार ओकत असेल, खात नसेल, पाठ वर काढून एका कोपऱ्यात बसत असेल, तोंडाशी पंजा मारत असेल किंवा लाळ गळत असेल तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि तिथे जाऊन, घरात शिवणकाम चालतं, हे आपणहून सांगा. एक्स-रेमध्ये सुई दिसते, धागा दिसत नाही. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. आतलं टोक अडकलेलं असेल तर ओढल्याने आतडं चिरतं. तेल, तूप, एरंडेल यातलं काही पाजायचं नाही.

त्यामुळे माझ्याकडे धाग्याच्या कापलेल्या टोकांसाठी लोणच्याची छोटी बरणी आहे. तिच्या झाकणाला भोक पाडलंय. टोक कापलं की भोकातून आत. कचऱ्याच्या बादलीत सुटा धागा कधी जात नाही, कारण बंड्या बादली आडवी करतो.

तुकडे जोडणं

सुई नऊ किंवा दहा नंबरची. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दाभण आणि जाड सुया इथे कामाच्या नाहीत. दोरा सुती, साधा शिवणाचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे एक हात. लांब दोरा घेतला की सुईत ओवायचे कष्ट वाचतात असं वाटतं, पण तो पीळ धरतो, गाठी पडतात, आणि प्रत्येक टाक्याला हवेत जाणारा लांब धागा मांजराला बोलावतो. एक हात धाग्याची हालचाल छातीपुढेच राहते, मांजराचं तिकडे फारसं लक्ष जात नाही. दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढा, गाठी पडणं बरंच कमी होतं.

दोन तुकडे सुलटे आत करून एकमेकांवर ठेवा. शिवायच्या रेघेच्या दोन्ही टोकांना टाचणी टोचून पलीकडच्या तुकड्यावरही ती रेघेच्याच कोपऱ्यात निघते का, ते बघा. निघत असेल तर धावदोरा घाला. एका इंचात आठ टाके बसले तर शिवण टिकते, सवय झाली की दहा बसतात. सुरुवातीला एक उलट टाका, शेवटी दोन. शिवण रेघेच्या एका कोपऱ्यावर सुरू करून दुसऱ्या कोपऱ्यावर थांबवायची, मायेच्या जागेत शिरायचं नाही. मशीनवर शिवणारी माणसं कडेपासून कडेपर्यंत शिवतात. हातावर शिवताना माया मोकळी ठेवली तर जिथे चार कोपरे एकत्र येतात तिथे ती हवी तिकडे वळवता येते आणि गाठोडं जमत नाही.

तीन-तीन तुकड्यांच्या तीन ओळी करा, म्हणजे लहान सहा शिवणी. मग ओळी एकमेकींना जोडा, दोन लांब शिवणी. ओळी जोडताना आडवी शिवण वाटेत येते तिथे माया शिवून टाकू नका. तिच्या अलीकडे एक उलट टाका घ्या, सुई मायेच्या बुडातून पलीकडे काढा, तिथे पुन्हा उलट टाका घ्या आणि पुढे चला. या एका गोष्टीने कोपरे जुळतात. माझ्या मते हातावर शिवलेल्या गोधडीची खरी ओळख या कोपऱ्यांवरच होते, टाक्यांच्या बारीकपणावर नाही.

शिवण उघडून दोन्हीकडे दाबू नका. हातशिलाईत टाक्यांमध्ये अंतर असतं, उघडलेली शिवण कमजोर पडते. माया एकाच बाजूला, गडद कापडाकडे वळवून नखाने किंवा पितळी तांब्याच्या बुडाने दाबा. इस्त्री चौकोन पुरा झाल्यावर एकदाच. गरम इस्त्री केलेला चौकोन खाटेवर ठेवला तर त्यावर मांजर दोन मिनिटांत येऊन बसेल. मांजराला ऊब आवडते, तो त्याचा दोष नाही. चौकोन गार होईपर्यंत डब्यातच ठेवा.

लहान शिवण पाच-सात मिनिटांत होते. दुपारी शेजारीण ओट्यावर येऊन ‘काय करी ऱ्हायनी वं माय?’ विचारते तेव्हाही हात चालू राहतो. पापड वाळताना राखण करायची असते, लाइट गेलेली असते, दवाखान्यात नंबर लागायचा असतो, त्या सगळ्या वेळा या कामाच्या आहेत. भुरी मांडीवर येऊन झोपली तर तिला उठवू नका, डबा बंद करा. तिच्या अंगावरून सुई-दोरा चालवणं बरं नाही. ती दचकून उठली तर सुई तिलाही लागते, तुम्हालाही.

मांजराचं बिछानं आधी

माझा आग्रह आहे की पहिलं काम म्हणून गोधडी घेऊच नका. आधी सोळा तुकड्यांचं, चार बाय चार, अठरा इंची बिछानं करा. हात बसतो, कोपरे जुळवायला येतात, थर कसे धरायचे ते कळतं. आणि ते मांजराला मिळतं. मोठ्या गोधडीवर थर घालायच्या वेळी त्याचा खरा उपयोग होतो. आत भरायला तुमच्या अंगाचा वास असलेलं जुनं, न धुतलेलं मऊ पातळ घाला. मांजर वासावर जागा ठरवतं. बिछानं उंचावर ठेवा, खिडकीत किंवा कपाटावर, जिथून त्याला तुमचे हात दिसतील. बहुतेक मांजरांना कापडापेक्षा तुमच्या शेजारी असणं हवं असतं, ते तिथून भागतं.

नखांची सोयही आधीच करा. लाकडी फळीला किंवा खाटेच्या जुन्या पायाला गोणपाट घट्ट गुंडाळून खिळे मारा आणि ती मांजराच्या झोपायच्या जागेजवळ उभी करा. मांजर झोपेतून उठल्यावर ओरखडतं, त्याला तेव्हा तिथेच ती मिळायला हवी. नखं कापायची झाली तर फक्त टोकाचा पारदर्शक भाग. आत गुलाबी दिसतं तिथे रक्तवाहिनी असते.

थर घालणं

चोवीस चौकोन झाले की त्याच पद्धतीने चार-चार जोडून सहा ओळी करा आणि मग ओळी एकमेकींना जोडा. आता गोधडी डब्यात मावत नाही, त्यामुळे हा टप्पा मी नवरात्रानंतर, पाऊस थांबल्यावर, सलग दोन दुपारी मिळतील अशा वेळी घेते.

खालच्या थराला सुती पाचवारी साडी. आडवी मधोमध कापून दोन तुकडे करा आणि लांबीच्या कडेने एकमेकांना जोडा, रुंदी भरपूर मिळते. त्यातून अठ्ठावन्न बाय पंच्याऐंशी इंच कापून घ्या, म्हणजे वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच जास्त. साडी चांगली नसेल तर मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, आणा, पण भिजवून घेतलेला. मधल्या थराला जुनी सुती चादर, नाहीतर धोतर. आपल्या उन्हाळ्यातही पांघरता येईल अशी हवी असेल तर मध्ये एकच थर. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे थंडी चांगलीच बोचते, तिकडच्या लेकीसाठी मी दोन घालते. तिसरा घातला की हाताने टाका बारीक येत नाही.

मांजर दुसऱ्या खोलीत, दार बंद, त्याचं बिछानं आणि पाणी तिकडे. हा एकच टप्पा असा आहे की त्यात मांजराला बाहेर ठेवण्याला पर्याय नाही. फरशी पुसून वाळवा. खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरा, कडांवर वरवंटा, डाळीचे डबे, जे जड असेल ते ठेवा. हात पाण्यात बुडवून, झटकून, प्रत्येक थरावरून एकाच दिशेने फिरवा. मांजराचे केस गोळे होऊन हाताला येतात. फिक्या कापडाखाली अडकलेला काळा केस नंतर दिसत राहतो आणि काढता येत नाही. मग मधला थर, मग वरचा.

कच्चा टाका मध्यापासून बाहेर घाला, दर चार-पाच इंचांवर एक ओळ, आधी उभ्या मग आडव्या. कडेकडून मध्याकडे गेलात तर जास्तीचं कापड मध्ये साठतं आणि तिथे कायमची घडी बसते. कच्च्या टाक्याला उठून दिसणारा रंग घ्या. शेवटी हाच दोरा काढताना लांबच्या लांब निघतो, आणि मांजराच्या दृष्टीने पूर्ण कामातली सगळ्यात धोक्याची वस्तू तीच असते. निघालेली प्रत्येक ओळ लगेच बरणीत घाला, खांद्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवू नका.

कच्चा टाका झाला की मांजराला येऊ द्या. आता ते बसलं तरी थर सरकत नाहीत.

पक्का टाका जाड सुती दोऱ्याने आणि थोड्या मोठ्या सुईने. इंचात चार-पाच टाके, ओळींमध्ये एक इंचाचं अंतर. मला प्रत्येक तुकड्याच्या आत, शिवणीपासून अर्धा इंच सोडून, चौकोनी फेरी घालायला आवडते. सरळ लांब ओळी हव्या असतील तर त्याही छान दिसतात आणि लवकर होतात. सुरुवातीची गाठ वर ठेवू नका. सुई एक इंच दूर खुपसून हलका झटका दिला की गाठ वरच्या थरातून आत जाते. संपवताना दोरा दोन इंच थरांच्या आतून नेऊन कापा. वर लोंबणारं टोक मांजर दाताने धरून ओढतं आणि ओळच्या ओळ उसवते. याच कारणासाठी मणी, टिकल्या, घुंगरू, गोंडे मांजराच्या घरातल्या गोधडीला नकोत. जिजी कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्या लावायच्या. त्या शिवणीत घट्ट बसतात, त्या लावा.

कडेला खालच्या थराचा जास्तीचा भाग एक इंच ठेवून बाकीचा कापा. अर्धा इंच आत दुमडा, पुन्हा अर्धा इंच वर घ्या आणि तुरपाई करा. लुगड्याचा काठ असेल तर दुमडीऐवजी तो लावा, कड वर्षानुवर्षं टिकते.

वापर आणि धुणं

पांघरायच्या गोधडीवर मांजर झोपणार, हे धरून चाला. केस काढायला ओला रबरी हातमोजा एका दिशेने फिरवा. पिसवा दिसल्या तर गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, कारण पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून अंथरुणात पडतात. मांजरावरही डॉक्टरांनी सांगितलेलं औषध त्याच वेळी लावा. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे.

मांजराने गोधडीवर मुतलं तर आधी गार पाणी, मग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दोन भाग पाणी मिसळून त्यात अर्धा तास भिजवा, मग नेहमीची पावडर आणि ऊन. ब्लीच कधीही नाही. मुतातल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की विषारी वायू निघतो. आणि पुन्हा पुन्हा तसं होत असेल तर मांजराला आधी डॉक्टरांना दाखवा. मूत्रमार्गात त्रास असला की मांजर मऊ जागा शोधतं. बोका मुतायला जाऊन येतो पण थेंबही येत नाही, असं झालं तर तासभरही थांबू नका.

बाळंतिणीसाठी केलेलं दुपटं मात्र धुऊन, पेटीत बंद ठेवा. त्यावर मांजर नको.

पावसाळ्याआधी गोधड्या दोन दिवस उन्हात टाकून ट्रंकेत ठेवा, मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. डांबरगोळ्या घालू नका, त्या मांजराला विषारी असतात आणि गोधडीवर लोळलेलं मांजर अंग चाटतंच. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरही गोधडी पसरू नका. त्यातले घटक मांजराच्या शरीरात नीट पचून बाहेर पडत नाहीत. ट्रंक बंद करण्याआधी तळापर्यंत हात घालून चाचपा. भुरी घड्यांच्या मागे जाऊन गुपचूप बसते, आणि झाकण लागल्यावरही आवाज देत नाही.